परवानगी आणि विक्री

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढली म्हणजे माणसाला नियमांचा कंटाळा येतो, अशी समजूत आहे. आमचे उलट झाले. नियम कसा जन्मतो, कसा वाढतो आणि कसा संपतो हे रोज पाहण्याची संधी कारकुनाइतकी दुसऱ्या कोणाला मिळत नसेल. आणि जे रोज पाहावे त्याच्याविषयी थोडी माया उत्पन्न होतेच. नियम सहसा एका दिवसात रद्द होत नाही. प्रथम त्याला अपवाद मिळतो. टिपणीच्या शेवटी ‘खास बाब म्हणून’ असे तीन शब्द येतात. पुढल्या वर्षी तीच टिपणी ‘मागील उदाहरणास अनुसरून’ या शब्दांनी सुरू होते. तिसऱ्या वर्षी टिपणी लिहिण्याचीही गरज कोणास वाटत नाही. नियम पुस्तकात छापलेला तसाच राहतो. फक्त तो कोणास आठवत नाही.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वेको नावाचे शहर आहे आणि तेथे बॅप्टिस्ट पंथाचे बेलर विद्यापीठ आहे. या विद्यापीठाच्या क्रीडांगणावर सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांस मद्य विकावे की न विकावे, या प्रश्नाची चर्चा आमच्या वाचनात आली तेव्हा हा कागद आपल्या ओळखीचा आहे असे आम्हांस वाटले. देश निराळा, धर्म निराळा, खेळ तर अगदीच निराळा. कारण तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाला काम थोडे आणि खांद्याला फार. परंतु टिपणीची भाषा तीच. म्हणून हा विषय मासिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे मनात आले.

बॅप्टिस्ट हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे. बंगालात श्रीरामपूर येथे छापखाना घालून बसलेले विल्यम केरी हे बॅप्टिस्ट मिशनरी होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली निघाला. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर बसून मराठीचे काम करणाऱ्यांची यादी करावयाची झाल्यास आपल्या या मासिकाच्या कितीतरी आधी या गृहस्थांचे नाव घालावे लागेल.

या पंथाचे दोन विशेष येथे सांगितले पाहिजेत, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो. पहिला असा की, बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने कळत्या वयात स्वतःच्या श्रद्धेने पुढे यावे आणि मग पाण्यात उतरावे. दुसऱ्याची श्रद्धा त्याच्या उपयोगी नाही. अमेरिकेतील पहिल्या बॅप्टिस्ट मंडळीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या रॉजर विल्यम्स यांनी सतराव्या शतकात प्रॉव्हिडन्सची वसाहत वसविली तीच सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी. दुसरा विशेष असा की, एवढे स्वातंत्र्य मानणारा हा पंथ अमेरिकेच्या दक्षिण भागात मद्याचा कट्टर वैरी म्हणून ओळखला जातो. तेथे बहुतेक बॅप्टिस्ट देवळांत प्रभुभोजनाच्या विधीतही द्राक्षासवाऐवजी न आंबविलेला द्राक्षरस देतात. बायबलात कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाल्याची कथा आहे आणि संत पॉलने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही दिला आहे. परंतु असल्या वचनांची वाट कशी लावावी हे प्रत्येक धर्मातील विद्वानांस ठाऊक असते.

पूर्वी हे असे नव्हते. केंटकीत अठराव्या शतकाच्या अखेरीस एलायजा क्रेग नावाचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. त्यांची भट्टी होती, आणि बूर्बन व्हिस्कीचे जनकत्व दंतकथेने त्यांच्याच पदरात घातले आहे. त्यांच्या नावाची व्हिस्की आजही बाजारात मिळते. पुढे एकोणिसाव्या शतकात दारूने उद्ध्वस्त झालेले संसार डोळ्यांपुढे आले, स्त्रिया चळवळीत उतरल्या, आणि उपदेशकांची भाषा बदलली. म्हणजे ‘नाही’ हा शब्दही कोणे एके काळी नवाच होता. तो कोणीतरी, काहीतरी पाहून, काहीतरी सोसून उच्चारलेला होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. जुन्या निषेधाला केवळ जुना म्हणून हसणारे लोक त्याच्या मागची रडकथा विसरलेले असतात.

वेको हे या चळवळीचे मोठे ठाणे. बेलर विद्यापीठाची सनद १८४५ सालची. तेव्हा टेक्सास हे अमेरिकेचे राज्य झालेले नव्हते, स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १८८६ साली विद्यापीठ वेकोत आले, आणि पुढच्याच वर्षी टेक्सासात संपूर्ण दारूबंदीसाठी लोकमत घेण्यात आले. त्या मोहिमेच्या अग्रभागी वेकोच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू बी. एच. कॅरल होते. मोहीम सपशेल हरली. पण माणसे हटली नाहीत. सबंध अमेरिकेत १९२० साली दारूबंदी लागू झाली. ती घटनादुरुस्ती मांडणारे सिनेटर मॉरिस शेपर्ड टेक्सासचेच. त्या काळात टेक्सासचे गव्हर्नर असलेले पॅट नेफ हे कडवे दारूबंदीवादी, आणि ते १९३२ साली बेलरचे अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी देशाने दारूबंदी मागे घेतली. बाहेर पिंपे उघडत होती तेव्हा आत विद्यापीठाच्या खुर्चीत हा गृहस्थ बसलेला होता, आणि १९४७ पर्यंत बसला होता. त्याच्या नावाच्या इमारतीचा मनोरा आजही विद्यापीठाच्या आवारात उभा आहे.

आणखी एक गंमत. ज्या शहराने दारूशी असे हाडवैर धरले त्याच शहरात १८८५ साली एका औषधाच्या दुकानात चार्ल्स आल्डर्टन नावाच्या औषधविक्याने ‘डॉक्टर पेपर’ हे गोड, फसफसणारे पेय तयार केले. बेलरमध्ये दर मंगळवारी दुपारी तीन वाजता विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र जमून त्या पेयात आइस्क्रीम घालून ते पितात. ही प्रथा १९५० नंतरच्या दशकापासून चालत आलेली आहे. माणसांना एकत्र बसावयास हातात पेला लागतो, हे सत्य त्या लोकांनी ओळखले होते. पेल्यात काय असावे एवढाच प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीने सोडविला.

निषेध कसे सुटतात याचे एक उदाहरण याच विद्यापीठाच्या इतिहासात आहे. बेलरच्या आवारात नृत्याला बंदी होती. ही बंदी जवळजवळ दीडशे वर्षे टिकली आणि १९९६ साली उठली. त्या वर्षी विद्यापीठाच्या अनुमतीने आवारात पहिले नृत्य झाले. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना तो थट्टेचा विषय मिळाला. परंतु विद्यापीठ बुडाले नाही, विद्यार्थी बिघडले नाहीत. नाचण्यात पाप आहे असे पंथातील बहुसंख्य लोकांना मनापासून वाटेनासे झाले होते. जे वाटत नाही ते नियमपुस्तकातून काढून टाकले, इतकेच. आम्हांस हा प्रकार प्रामाणिक वाटतो. आणि त्यात ध्यानात घेण्याजोगे हे की, मुले नाचली म्हणून विद्यापीठाच्या तिजोरीत एक डॉलरही पडला नाही.

आता क्रीडांगणाकडे वळू. ब्राझोस नदीच्या काठी २०१४ साली बेलरचे नवे क्रीडांगण उघडले. ड्रेटन मॅक्लेन या उद्योगपतींच्या देणगीवरून त्याला त्यांचे नाव दिले आहे. सुमारे सव्वीस कोटी साठ लाख डॉलर खर्च आला आणि पंचेचाळीस हजार लोक बसतील एवढी जागा झाली. सामन्याच्या दिवशी कित्येक मंडळी नावांतून येतात आणि काठाला नाव बांधून तेथेच जेवणाचा बेत करतात. सामना सुरू होण्यापूर्वी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पिवळे सदरे घालून मैदानावर धावत सुटतात आणि आपल्या खेळाडूंच्या वाटेवर दुतर्फा उभे राहतात. एखाद्या पालखीसाठी गाव लोटावे तसा हा देखावा असतो. अशा जनसमुदायात ऊन, तहान, ओरडून कोरडे पडलेले घसे आणि चार-चार तास चालणारा खेळ. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून सुपीक जमीन कोठे मिळणार?

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर, विशेषतः दक्षिणेत, सर्वसामान्य प्रेक्षकांस मद्य न विकण्याची रीत पुष्कळ वर्षे होती. परंतु ‘सर्वसामान्य’ हा शब्द वाचकांनी सोडू नये. कित्येक क्रीडांगणांवर वर काचेच्या खोल्या असतात, ज्या श्रीमंत देणगीदार वर्षाच्या कराराने घेतात. तेथे मद्य चाले. दक्षिणेतील विद्यापीठांच्या सर्वांत प्रबळ संघटनेचा नियमच मुळी असा होता की खालच्या उघड्या बाकांवर विक्री नाही, वरच्या खाजगी दालनांत हरकत नाही. तो नियम २०१९ साली उठला आणि निर्णय त्या त्या विद्यापीठावर सोपविण्यात आला. त्यापूर्वीच, २०१५ साली, टेक्सासचे ऑस्टिन येथील सरकारी विद्यापीठ फुटबॉलच्या सामन्यांस सर्वांना बिअर आणि वाइन विकू लागले होते. २०१८ साली विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या अजिंक्यपद स्पर्धांतही विक्रीस मुभा दिली. आणि २०२५ च्या जून महिन्यात न्यायालयाने एक तडजोड मान्य केली, तिच्यान्वये विद्यापीठांस आपल्या खेळाडूंना सरळ पैसे देण्याची मोकळीक मिळाली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. एवढा पैसा आणावयाचा कोठून, ही चिंता आता प्रत्येक क्रीडाविभागाच्या उशाशी आहे. अशा वेळी बिअरच्या पेल्याकडे लक्ष न जाते तरच नवल.

विक्रीच्या बाजूने जे सांगितले जाते ते केवळ पैशाचे नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियाच्या विद्यापीठाने २०११ साली क्रीडांगणावर बिअर विकण्यास सुरुवात केली. त्याआधी लोक सामन्यापूर्वी वाहनतळावर घटाघट पिऊन घेत, मध्यंतरात पुन्हा बाहेर जाऊन पीत आणि तर्र होऊन आत येत. विक्री सुरू झाल्यावर पोलिसांकडे जाणारे दंगामस्तीचे प्रकार कमी झाले, असे त्या विद्यापीठाने जाहीर केले, आणि तेव्हापासून हे उदाहरण सर्वत्र दाखल्यादाखल दिले जाते. विकत घेऊन सावकाश प्यालेला एक पेला हा चोरून घाईने प्यालेल्या चारांपेक्षा बरा, हा युक्तिवाद खोटा म्हणता येणार नाही.

पण कारकुनाची नजर तळटिपेकडे जाते. त्याच वर्षी त्या विद्यापीठाने मध्यंतरात बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची सवलतही बंद केली होती. औषधे दोन दिली आणि रोगी बरा झाला; मग श्रेय एकट्या बिअरला का? फाटक लावल्यामुळे बरा झाला असेल, तर फाटक बिअरशिवायही लावता येते. हा प्रश्न विचारण्यात कोणाचा फायदा नसल्यामुळे तो फारसा विचारला जात नाही. नुसत्या फाटकाला उत्पन्न नसते.

बेलरच्या बाबतीत आणखी एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१६ साली विद्यार्थिनींवरील अत्याचारांच्या तक्रारी हाताळण्यात विद्यापीठ मुळातच अपयशी ठरले, असे त्याच्याच नियामक मंडळाने जाहीर केले. अध्यक्ष केन स्टार यांना अध्यक्षपद सोडावे लागले, फुटबॉलचे प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना दूर करण्यात आले. आवारात मद्याला मज्जाव होता, सोवळे कडक होते, आणि तरीही ज्या मुलींचे रक्षण व्हावयास हवे होते त्यांची दाद लागली नाही. मग पेल्याविषयीच्या या सोवळ्याची किंमत ती काय, असे कोणी विचारले तर त्याचा राग येऊ नये. जो नियम पाळणे सोपे आहे तो पाळून, जे कठीण आहे ते टाळण्याची सवय संस्थांना लागते, हे खरे आहे. परंतु यावरून कठीण कर्तव्य करू लागावे एवढेच निघते. सोपे सोडून द्यावे असे निघत नाही.

आम्हांस या वादात जे मूळ दिसते ते निराळेच आहे. चालू देणे आणि विकणे या दोन गोष्टींत सगळे लोक घोटाळा करीत आहेत. बॅप्टिस्ट पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे माणसाचा देवाशी हिशेब ज्याचा त्याने द्यावयाचा आहे. त्या न्यायाने, एखादा प्रौढ प्रेक्षक स्वतःच्या बुद्धीने पीत असेल तर विद्यापीठाने त्याच्याकडे काणाडोळा करणे पंथाच्या मूळ तत्त्वाला सोडून होत नाही. त्याला सहिष्णुता म्हणता येईल. परंतु विद्यापीठ स्वतः विकू लागले की ते त्या पेल्यात भागीदार झाले. काणाडोळा करणाऱ्याला, लोक कमी प्याले तर बरेच वाटते. विकणाऱ्याला कमी प्यालेले परवडत नाही. उपदेशकाची इच्छा एका दिशेला आणि गल्ला दुसऱ्या दिशेला, अशी स्थिती एकदा निर्माण झाली की कोण जिंकतो, हे कोणत्याही हिशेबनिसाला विचारावे.

शिवाय विकावयाचे कोणाला? अमेरिकेत एकविसाव्या वर्षापूर्वी मद्य विकत घेता येत नाही. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांवर दडपण आले आणि टेक्सासने १९८६ साली ही मर्यादा स्वीकारली. म्हणजे मैदानावर पिवळे सदरे घालून धावणारी मुले, ज्यांच्यासाठी विद्यापीठ आहे असे म्हणतात, त्यांना तो पेला घेताच यावयाचा नाही. तो घेणार त्यांचे आईबाप आणि माजी विद्यार्थी. मुले बाजूच्या बाकांवरून पाहणार. ज्याला आपण शिकवितो त्याला जे निषिद्ध, तेच त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या नावाच्या पेल्यात भरून विकावयाचे, हा धडा कोणत्या विषयात मोडतो?

हे सगळे लिहिताना परक्यांना शहाणपण शिकविण्याचा आव आमच्या मनात नाही. आपल्याकडे काय आहे ते आम्ही जाणतो. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्याविरुद्ध बलसारा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ साली कायद्याचा मोठा भाग टिकला, काही कलमे उडाली. पुढे परवाने आले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रकृतीच्या कारणास्तव पिणारे सुखवस्तू रोगी आले. हातभट्टीवर मरणाऱ्या गरिबांना मात्र चिठ्ठी देणारा डॉक्टर नव्हता. वरच्या काचेच्या खोल्या आणि खालची उघडी बाके ही व्यवस्था टेक्सासला नेऊन शिकविण्याचा अधिकार आपणांस केव्हाच प्राप्त झाला होता. आज महाराष्ट्रात मद्याची विक्री ज्या कायद्याखाली चालते त्याचे नाव अजूनही दारूबंदी कायदा असेच आहे. शासनाच्या उत्पन्नाचा तो एक भक्कम खांब. विकणारा आणि बंदी घालणारा एकच असला म्हणजे कायद्याचे नाव आणि काम यांची ताटातूट व्हावयाचीच.

टेक्सासात प्रत्येक तालुक्याला, गावाला मतदान करून दारू ठेवावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार शंभराहून अधिक वर्षे आहे. आपल्याकडेही गावातील वा प्रभागातील स्त्रियांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. किती गावच्या बायका पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या आणि बाटली आडवी करून घरी गेल्या! त्यांनी तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचलेली नव्हती. दारूचा पैसा कोठून निघून कोठे जातो एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

वाचकांपैकी जे ईशान्येकडे राहिलेले आहेत त्यांना नागालँडचे सांगावयास नकोच. तेथे बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट. चर्चच्या आग्रहावरून १९८९ साली तेथे संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला. दारू गेली नाही. आसामच्या हद्दीवरून आणि आडवाटेने येत राहिली. बंदी उठविली तर महसूल मिळेल, असे राज्यकर्त्यांपैकी काहीजण म्हणतात. चर्चमंडळी नाही म्हणतात. दोघेही आपल्या परीने खरे बोलतात. परंतु एक फरक आहे. तेथील चर्च बंदी मागते, पण बाटली विकीत नाही. तिच्या ‘नाही’ला यश आले नसेल, तो ‘नाही’ विकाऊ मात्र ठरलेला नाही.

दूरच्या गोष्टींवर मत देणे सोपे असते. आमच्यावर हीच वेळ आली तेव्हाची हकीकत थोडक्यात सांगतो. बदलीच्या एका गावी आमचे छोटेसे मराठी मंडळ होते. गणेशोत्सवाच्या वर्गणीला त्या वर्षी ओहोटी लागलेली. दोन मोठी कुटुंबे बदलून गेली होती. तेवढ्यात गावातील एका देशी-विदेशी मद्याच्या दुकानदाराने मंडपाचा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखविली. अट एकच; मंडपाच्या कमानीवर त्याच्या दुकानाचा फलक. बैठक बोलाविली गेली. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे सदस्य म्हणाले, “अहो, मंडपात का कोणी प्यायला बसणार आहे? क्रिकेटच्या संघांना व्हिस्कीची नावे चालतात, सोड्याच्या नावाखाली जाहिराती चालतात. आपणच का सोवळे धरून बसायचे? गणपती बसवायचा की नाही ते आधी ठरवा.” त्यांचे म्हणणे अगदीच खोडण्यासारखे नव्हते. नाटक, मुलांच्या स्पर्धा, बाहेरून गायक बोलावणे हे सगळे त्या एका फलकावर अवलंबून होते.

बराच वेळ कोणी बोलेना. मग टपाल खात्यात असलेल्या एका बाई म्हणाल्या, “काका, त्यांच्या पैशाला विटाळ आहे असे मी म्हणत नाही. ते आरतीला येतात, आपणही त्यांना प्रसाद देतो. पण त्या फलकाखाली उभे राहून मी माझ्या मुलाला सुखकर्ता म्हणायला शिकवायचे, हे मला जमायचे नाही. आणि पुढच्या वर्षी त्यांचा धंदा वाढावा अशी इच्छा आपल्याला धरावी लागेल, ती वेगळीच.” हे शेवटचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. दारूच्या नफ्यावर उत्सव उभा राहिला की उत्सवाचे हित दारूच्या खपाशी बांधले जाते, हे त्या बाईंनी एका वाक्यात सांगितले.

ठराव फलकाविरुद्ध झाला. त्या वर्षी मंडप पडला नाही. एका शाळेच्या वर्गात गणपती बसला. गायक आला नाही. मुलांच्या स्पर्धांना बक्षीस म्हणून वह्या आणि पेन्सिली. चार सभासद नाराज झाले आणि त्यांतील दोघांनी पुढे येणे बंद केले. ही किंमतही मोजावी लागली. दुकानदार मात्र दुसऱ्या दिवशी आला, आपल्या स्वतःच्या नावाने पाचशे रुपयांची वर्गणी देऊन गेला आणि पावती नीट घडी करून खिशात ठेवली. माणूस मंडळात आला, दुकान आले नाही. फरक एवढाच होता, आणि तो त्याला समजावून सांगावा लागला नाही.

म्हणून बेलरच्या प्रश्नाकडे आम्ही दारू चांगली की वाईट या अंगाने पाहत नाही. तो वाद ज्याने त्याने आपल्या घरी मिटवावा. एखाद्या संस्थेला आपला जुना निषेध आता पटत नसेल तर तिने तो नृत्याच्या बंदीप्रमाणे सरळ उठवावा. सभेत उभे राहून, आम्हांस आता असे वाटत नाही, एवढे म्हणावे. त्यात कमीपणा नाही. मते बदलतात, एलायजा क्रेगच्या पंथाने एकदा ती बदललीच होती. परंतु मत तेच ठेवावयाचे, प्रार्थनामंदिरात तेच सांगावयाचे, वसतिगृहात विद्यार्थ्याच्या खोलीत बाटली सापडली तर त्याला तोच नियम लावावयाचा, आणि शनिवारी दुपारी नदीकाठी मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली गल्ला उघडावयाचा, हे कोणत्याही पंथाला शोभणारे नाही. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून शिकतात त्याहून अधिक अशा शनिवारांतून शिकतात.

पैशाची निकड खोटी नसते. ती मंडळाला असते, विद्यापीठाला असते, राज्याला असते. निकडीपुढे वाकावे लागले तर तसे स्पष्ट लिहून वाकावे. ‘प्रेक्षकांच्या सोयीसाठी’, ‘शिस्तीच्या दृष्टीने’, ‘खास बाब म्हणून’ असे शब्द आम्ही स्वतः पुष्कळ टिपण्यांत लिहिले आहेत आणि त्यांच्या पोटात काय असते ते आम्हांस ठाऊक आहे. ‘पैशासाठी’ हा एकच शब्द लिहिला असता टिपणी लहान झाली असती. आणि वरिष्ठांना सही करण्यापूर्वी घटकाभर थांबावे लागले असते.